कायबॉतचे मृत्युपत्र आणि लक्झेंबर्ग संग्रहालय : दृक्प्रत्ययवादी चित्रांच्या सार्वजनिक दर्शनाचा इतिहास

१. विषयप्रवेश

मराठी कलासमीक्षेत दृक्प्रत्ययवाद या नावाने ओळखला जाणारा फ्रेंच चित्रकलेतील संप्रदाय आज जगातील बहुतेक मोठ्या कलासंग्रहालयांचे प्रमुख आकर्षण होऊन बसला आहे. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात रन्वार, मोने, देगा, पिसारो आणि सिस्ले यांच्या चित्रांपुढे रोज हजारो प्रेक्षक उभे राहतात. आपण पाहतो आहोत ती चित्रे सरकारी संग्रहालयाच्या भिंतीवर असणे यात त्यांना काही विशेष वाटत नाही. वस्तुतः या चित्रांचा त्या भिंतीपर्यंतचा प्रवास सरळ नव्हता. त्यांतील एक महत्त्वाचा गट राष्ट्राच्या मालकीचा झाला तो एका चित्रकाराच्या मृत्युपत्रामुळे. आणि त्या मृत्युपत्राची अंमलबजावणी करताना फ्रेंच शासनाने त्यातील बरीच चित्रे घेतली नाहीत.

हा प्रसंग कलेतिहासात 'कायबॉत प्रकरण' म्हणून प्रसिद्ध आहे. तो सांगण्याची रूढ पद्धत अशी, की एका बाजूस दूरदृष्टीचा दाता, दुसऱ्या बाजूस अज्ञ व दुराग्रही अधिकारी, आणि मध्ये नाकारली गेलेली अजोड चित्रे. या कथेत तथ्यांश आहे, परंतु ती पूर्ण सत्य नाही. प्रस्तुत निबंधात या प्रकरणाची पार्श्वभूमी, त्याचा घटनाक्रम व त्याचे परिणाम यांचा विचार करून, नवी कला सर्वसामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीस पडण्यासाठी कोणकोणत्या गोष्टी जुळून याव्या लागतात, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

२. सालाँ आणि लक्झेंबर्ग

एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये नवे चित्र पाहण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे सालाँ नावाचे सरकारमान्य प्रदर्शन. तेथे कोणते चित्र लागावे हे परीक्षकमंडळ ठरवीत असे, आणि परीक्षकांवर अकादमीच्या शिस्तीचा पगडा असे. ऐतिहासिक, पौराणिक किंवा धार्मिक विषय, रेखीव आकृती आणि कुंचल्याच्या खुणा दिसणार नाहीत इतका गुळगुळीत पृष्ठभाग, ही चांगल्या चित्राची लक्षणे मानली जात. १८६३ साली परीक्षकांनी आलेल्या चित्रांपैकी निम्म्याहून अधिक चित्रे नाकारली. तक्रारींचा गदारोळ इतका झाला, की सम्राट तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्या चित्रांचे वेगळे प्रदर्शन भरविण्यास अनुमती दिली. मानेचे 'हिरवळीवरील भोजन' लोकांनी प्रथम पाहिले ते या 'नाकारलेल्यांच्या सालाँ'त, आणि पाहून ते बहुतांशी हसले. दोन वर्षांनी, १८६५ साली, त्याचे 'ओलिंपिया' सालाँत लागले तेव्हा निंदेचा याहून मोठा कल्लोळ उठला.

सालाँनंतरची पायरी म्हणजे लक्झेंबर्ग संग्रहालय. लक्झेंबर्ग राजवाड्यात १७५० साली राजसंग्रहातील निवडक चित्रे आठवड्यातून ठराविक दिवशी लोकांना पाहण्यासाठी खुली करण्यात आली होती. फ्रान्समधील सार्वजनिक चित्रदर्शनाचा तो आरंभ होय. पुढे १८१८ साली या संस्थेस निराळे स्वरूप देण्यात आले. हयात कलावंतांची सरकारने घेतलेली चित्रे येथे राहावीत, आणि कलावंताच्या मृत्यूनंतर किमान दहा वर्षे लोटली म्हणजे त्यांपैकी योग्य ती लूव्रमध्ये जावीत, असा दंडक पडला. लक्झेंबर्ग ही अशा रीतीने एक प्रकारची प्रतीक्षाशाला होती. तेथे प्रवेश मिळणे म्हणजे शासनाची मान्यता, आणि तेथून लूव्रमध्ये जाणे म्हणजे काळाची मान्यता. फ्रान्समधील राष्ट्रीय संग्रहालयांत १९२२ पर्यंत प्रवेशशुल्क नव्हते, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. ज्याच्या खिशात चित्र विकत घेण्यास पैसा नाही अशा माणसाला चित्र पाहता येईल ते अशाच ठिकाणी.

या दोन्ही दारांशी अडलेल्या चित्रकारांनी १८७४ साली तिसरा मार्ग धरला. १५ एप्रिल १८७४ रोजी बूलव्हार दे काप्युसीन या रस्त्यावरील छायाचित्रकार नादार याच्या जुन्या चित्रशाळेत सुमारे ३० कलावंतांनी स्वतःचे स्वतंत्र प्रदर्शन उघडले. परीक्षकमंडळ नव्हते, प्रवेशशुल्क एक फ्रँक होते, दिवसा पाहू न शकणाऱ्यांसाठी रात्री ८ ते १० या वेळातही दालने उघडी असत. महिनाभरात सुमारे ३,५०० लोक येऊन गेले. सालाँस येणाऱ्या लक्षावधींच्या मानाने हा आकडा नगण्यच होय. मोनेच्या 'इंप्रेशन, सूर्योदय' या चित्राच्या शीर्षकावरून लुई लरुआ या टीकाकाराने 'ल शारिव्हारी' या विनोदी पत्रात या मंडळींची थट्टा केली आणि त्या थट्टेतूनच संप्रदायाला नाव मिळाले. १८७४ ते १८८६ या काळात अशी आठ प्रदर्शने झाली. परंतु प्रदर्शन महिन्याभराने संपते व चित्रे परत चित्रकाराच्या घरी, व्यापाऱ्याच्या कोठीत किंवा एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात जातात. चित्र कायम लोकांपुढे राहील अशी व्यवस्था स्वतंत्र प्रदर्शनाने होण्यासारखी नव्हती. हा प्रश्न ज्याने सर्वांत आधी व सर्वांत स्पष्टपणे ओळखला तो गुस्ताव्ह कायबॉत.

३. दाता आणि त्याचे मृत्युपत्र

कायबॉतचा जन्म १९ ऑगस्ट १८४८ रोजी पॅरिस येथे झाला. सैन्याला कापडी सामान पुरविण्याच्या धंद्यात त्याच्या वडिलांनी मोठी संपत्ती मिळविली होती. गुस्ताव्हने प्रथम कायद्याचे शिक्षण घेतले व नंतर चित्रकलेकडे वळून बॉना या प्रतिष्ठित चित्रकाराच्या हाताखाली अभ्यास केला. लाकडी जमीन तासणाऱ्या कामगारांचे त्याचे चित्र १८७५ साली सालाँने नाकारले. पुढच्याच वर्षी तो दृक्प्रत्ययवाद्यांच्या दुसऱ्या प्रदर्शनात सहभागी झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर त्याच्या हाती आलेला पैसा त्याने ज्या रीतीने वापरला, ती या इतिहासाची एक किल्लीच होय. १८७७ च्या तिसऱ्या प्रदर्शनाची व्यवस्था व बराचसा खर्च त्याने उचलला. सँ-लाझार स्थानकाची चित्रे काढण्यासाठी मोनेला जवळपास जागा हवी होती, तिचे भाडे त्याने भरले. आणि मुख्य म्हणजे, ज्या चित्रांना ग्राहक मिळत नव्हते ती त्याने विकत घेतली. मित्रांना उघडपणे मदत देण्यापेक्षा त्यांची चित्रे घेणे हे त्याला अधिक सन्मानाचे वाटले असावे. कारणे काहीही असोत, काही वर्षांत त्याच्याकडे एका अख्ख्या संप्रदायाचे दर्शन घडावे असा संग्रह जमला.

१८७६ साली त्याचा धाकटा भाऊ रने हा तरुण वयात मरण पावला. स्वतःलाही अल्पायुष्यच लाभणार या भावनेने कायबॉतने ३ नोव्हेंबर १८७६ रोजी मृत्युपत्र केले. त्या वेळी तो अवघा २८ वर्षांचा होता. या मृत्युपत्राचा आशय तपशीलवार पाहण्यासारखा आहे. आपल्या संग्रहातील चित्रे त्याने फ्रेंच शासनास दिली. मात्र ती माळ्यावरच्या अडगळीत पडू नयेत, प्रांतांतल्या एखाद्या संग्रहालयात पाठविली जाऊ नयेत, तर प्रथम लक्झेंबर्गमध्ये व पुढे लूव्रमध्ये लागावीत, अशी अट घातली. ही चित्रे लोकांना समजू लागेपर्यंत नव्हे, तरी निदान ती त्यांना मान्य होईपर्यंत काही काळ जाणे आवश्यक आहे, हे त्याने त्यातच नमूद केले; हा काळ वीस वर्षांचा किंवा त्याहून अधिकही असू शकेल, आणि तोवर चित्रे भाऊ मार्सिआल याने सांभाळावी. मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून त्याने रन्वारची नेमणूक केली. स्वतःच्या चित्रांचा मात्र या देणगीत त्याने समावेश केला नाही.

या दस्तऐवजातील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही, की दाता केवळ चित्रे देत नाही. ती कोठे व कशी दिसावीत हे सांगतो. संग्रहालयाच्या मालकीचे असणे आणि संग्रहालयात दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत हे त्याने जाणले होते. दुसरी ही, की तो 'समजणे' आणि 'मान्य होणे' यांत भेद करतो. लोकांना चित्र आधी पटले पाहिजे व मग ते टांगावे, असे त्याचे म्हणणे नाही; ते निमूटपणे सहन केले जाईल इतकी मनःस्थिती झाली की पुरे, उरलेले काम भिंतीवरचे चित्रच करील, असा त्याचा विश्वास दिसतो. कायद्याचा अभ्यास केलेल्या माणसाने योजलेली ही अट पुढे शासनाला अडचणीत टाकणारी ठरली. किंबहुना ती तशी ठरावी हाच तिचा हेतू असावा.

४. दोन वर्षांच्या वाटाघाटी

२१ फेब्रुवारी १८९४ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, कायबॉत प्ती-जेनव्हिलिए येथे मृत्यू पावला. मार्सिआल व रन्वार यांनी ही देणगी कलाखात्याचा संचालक आंरी रूजाँ याला कळविली. संग्रहात सुमारे ६७ चित्रे होती व त्याखेरीज मिलेची दोन रेखाचित्रे होती. मोनेची १६, पिसारोची १८, सिस्लेची ९, रन्वारची ८ आणि देगाची ७ चित्रे त्यात होती. माने व सेझान यांचीही थोडी होती.

शासनापुढील अडचणी तीन प्रकारच्या होत्या. पहिली अडचण जागेची. १८८६ पासून लक्झेंबर्ग संग्रहालय राजवाड्यातून हलवून शेजारच्या संत्रागृहाच्या इमारतीत आणले गेले होते आणि ती वास्तू आधीच चित्रांनी गच्च भरली होती. दुसरी अडचण तत्त्वाची. हयात असलेल्या एकाच चित्रकाराची डझनावारी चित्रे लावण्याची या संग्रहालयाची रीत नव्हती. मोने किंवा पिसारो यांना ती सवलत दिली तर इतरांनी का मागू नये, हा प्रश्न लेओन्स बेनेदीत या संग्रहालयप्रमुखापुढे होता. तिसरी अडचण कायद्याची, आणि तीच निर्णायक ठरली. मृत्युपत्रातील अट पाळायची तर स्वीकारलेले प्रत्येक चित्र भिंतीवर लावणे भाग होते. सर्व संग्रह स्वीकारून काही चित्रे कोठारात ठेवणे किंवा काँपिएन्य व फाँतेनब्लो यांसारख्या राजवाड्यांत पाठविणे हे दात्याच्या शब्दांविरुद्ध झाले असते, आणि अट मोडल्याबद्दल वारसांना देणगी परत मागता आली असती.

यातून निघालेली वाट म्हणजे निवड. जेवढी चित्रे निश्चितपणे लावता येतील तेवढीच शासनाने घ्यावी आणि उरलेली मार्सिआलकडे राहावी, अशी तडजोड ठरली. देणगीचा शेवटचा माणूस म्हणजे रन्वार. त्याला स्वतःच्या व मित्रांच्या चित्रांविषयी शासनाशी घासाघीस करावी लागली. फेब्रुवारी १८९६ मध्ये या व्यवस्थेस अधिकृत मंजुरी मिळाली. शासनाने एकूण ४० कृती घेतल्या. त्यांत मोनेची ८, पिसारोची ७, देगाची सर्व ७, रन्वारची ६, सिस्लेची ६, मानेची २ आणि सेझानची २ अशी ३८ चित्रे होती. शिवाय मिलेची २ रेखाचित्रे. रन्वारचे 'मुलँ द ला गालेत येथील नृत्य' व 'झोपाळा', मानेचे 'सज्जा', मोनेचे 'सँ-लाझार स्थानक', पिसारोचे 'लाल छपरे', सेझानने काढलेले एस्ताकचे समुद्रदृश्य या सर्व कृती या ४० पैकी होत. निवड करणाऱ्यांची नजर अगदीच अधू होती असे या यादीवरून म्हणता येत नाही. कायबॉतच्या वारसांनी त्याचे नाकारले गेलेले कामगारांचे चित्रही १८९४ साली शासनास दिले, आणि अशा रीतीने दात्याची स्वतःची कलाही संग्रहालयात आली.

या चित्रांसाठी लक्झेंबर्गला एक जोड-इमारत बांधण्यात आली व १८९७ च्या आरंभी ती प्रेक्षकांना खुली झाली. दालन लहान होते आणि चित्रे दाटीने लावलेली होती. तथापि या संप्रदायाची चित्रे कोणाही नागरिकाला वर्षभर, विनामूल्य, शासनाच्या छपराखाली पाहता यावीत, ही गोष्ट फ्रान्समध्ये एवढ्या प्रमाणावर प्रथमच घडत होती. विरोध झाला नाही असे नाही. अकादमीचा अग्रणी चित्रकार जेरोम याने, असली घाण शासन स्वीकारीत असेल तर तो नैतिक अधःपात होय, अशा आशयाचे उद्गार १८९४ मध्येच काढले होते. दालन उघडल्यावर ललितकला अकादमीने मंत्र्यांकडे निषेध नोंदविला आणि सेनेटमध्येही प्रश्न उपस्थित झाला. शासनाने मात्र चित्रे उतरविली नाहीत.

५. आख्यायिका आणि कागदपत्रे

या प्रकरणाची दंतकथा तेव्हापासूनच आकार घेऊ लागली. शासनाने संग्रहाचा मोठा भाग 'फेकून दिला' असे वाक्य कलेतिहासाच्या लोकप्रिय पुस्तकांतून दीर्घकाळ येत राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांनी सरकारी दप्तरातील कागद तपासले तेव्हा चित्र काहीसे वेगळे दिसू लागले. देणगी कळविल्यानंतर थोड्याच दिवसांत, मार्च १८९४ मध्ये, संग्रहालयांच्या सल्लागार समितीने ती स्वीकारण्यास अनुकूलता दाखविली होती. खळखळ सुरू झाली ती नंतर, जागा व अटी यांचा हिशेब मांडताना.

आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. कायबॉतच्या देणगीपूर्वी लक्झेंबर्गचे दार या चित्रकारांना अगदी बंद होते असे नाही. १८८९–९० मध्ये मोनेने वर्गणी जमवून, सुमारे २०,००० फ्रँक देऊन, मानेच्या विधवेकडून 'ओलिंपिया' विकत घेतले आणि राष्ट्राला अर्पण केले; ते लक्झेंबर्गमध्ये लागले होते. १८९२ साली शासनाने रन्वारचे 'पियानोजवळील मुली' स्वतः विकत घेतले. १८९४ च्या मार्चमध्ये द्युरे याच्या संग्रहाच्या लिलावात बेर्त मोरिझोचे एक चित्र शासनाने खरेदी केले. कवी मालार्मेने या दोन्ही खरेद्यांसाठी खटपट केली होती. तेव्हा अधिकाऱ्यांच्या मनात या कलेविषयी सरसकट द्वेष होता, हे विधान टिकत नाही.

याचा अर्थ शासन निर्दोष होते असा मात्र नव्हे. जागा अपुरी होती हे खरे. परंतु जागा कोणाच्या चित्रांनी भरली होती, हा प्रश्न उरतोच. सालाँत पदके मिळविलेल्या व आज ज्यांची नावेही सहसा कोणी घेत नाही अशा अनेकांच्या मोठमोठ्या चित्रफलकांसाठी भिंती उपलब्ध होत्या. कोणत्याही काळात जागेची टंचाई ही नुसती मोजपट्टीची बाब नसते. काय हलविता येणार नाही, याविषयीचे एक मत त्या टंचाईत दडलेले असते. शिवाय पिसारोच्या १८ पैकी ११ व मोनेच्या १६ पैकी ८ चित्रे सोडून देताना, ही संधी पुन्हा येणार नाही याची जाणीव अधिकाऱ्यांना झाल्याचे दिसत नाही. द्वेष नसला तरी आस्थाही नव्हती. आणि आस्थेच्या अभावी नियम हाच निर्णय ठरतो.

न घेतलेल्या चित्रांचे पुढे काय झाले, यावरून या उदासीनतेची किंमत कळते. ती मार्सिआलच्या कुटुंबाकडे राहिली, आणि काळाच्या ओघात विकली जाऊन खासगी संग्रहांत व परदेशांत पांगली. सेझानचे 'विश्रांती घेणारे स्नानार्थी' हे त्यांपैकी एक. ते अमेरिकेतील बार्न्स यांच्या संग्रहात गेले. बार्न्स प्रतिष्ठानची दालने १९६१ पर्यंत सर्वसामान्य जनतेला जवळजवळ बंदच होती. जे चित्र कायबॉतने कोणाही वाटसरूला पाहता यावे म्हणून राष्ट्राला दिले, ते अशा रीतीने कित्येक दशके निवडक विद्यार्थ्यांखेरीज कोणाच्या दृष्टीस पडले नाही. दात्याच्या हेतूचा याहून पूर्ण विपर्यास कल्पिणे कठीण आहे.

६. अन्य देशांतील समांतर प्रसंग

हा प्रश्न फ्रान्सपुरता मर्यादित नव्हता, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. बर्लिनच्या राष्ट्रीय चित्रशाळेचा संचालक हूगो फॉन चूडी याने १८९६ साली खासगी देणगीदारांच्या साहाय्याने मानेचे 'काचगृहात' हे चित्र मिळविले. म्हणजे पॅरिसमध्ये वाटाघाटी चालू असतानाच जर्मनीतील एका सरकारी संग्रहालयाने पुढाकार घेतला होता. परंतु राष्ट्रीय चित्रशाळेत फ्रेंच नवचित्रे लागणे सम्राट दुसऱ्या विल्हेल्मला रुचले नाही. या संघर्षाची परिणती होऊन १९०९ साली चूडीला बर्लिन सोडून म्यूनिकला जावे लागले. येथे आडवी आली ती जागेची टंचाई नव्हे, तर राष्ट्राभिमानाची एक संकुचित कल्पना.

दुसरे उदाहरण सर ह्यू लेन या आयरिश संग्राहकाचे. डब्लिन शहरासाठी त्याने रन्वारच्या 'छत्र्या' या चित्रासह ३९ चित्रे जमविली होती. शहराच्या कारभाऱ्यांनी चित्रशाळेच्या योजनेस नकार दिल्याने चिडून त्याने ती लंडनला द्यावी असे मृत्युपत्र केले. पुढे विचार बदलून ती डब्लिनला द्यावी अशी पुरवणी लिहिली, पण तीवर साक्षीदारांच्या सह्या राहून गेल्या. ७ मे १९१५ रोजी 'ल्युसिटानिया' जहाज बुडाले त्यात लेन मरण पावला. दोन सह्यांच्या अभावी दोन देशांत वाद लागला तो १९५९ पर्यंत मिटला नाही. त्या वर्षी चित्रे आळीपाळीने दोन्ही शहरांत दाखविण्याची तडजोड झाली. कायबॉतच्या मृत्युपत्रात अट काटेकोर होती म्हणून अडचण झाली. लेनच्या बाबतीत विधी अपुरा राहिला म्हणून. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाच्या वाट्याला काय येणार, हे कलागुणांपेक्षा कागदाने अधिक ठरविले.

७. लूव्रपासून ऑर्सेपर्यंत

कायबॉतच्या अटीचा दुसरा भाग लूव्रचा होता, आणि तोही हळूहळू पूर्ण झाला. १९०७ साली क्लेमांसो पंतप्रधान असताना 'ओलिंपिया' लूव्रमध्ये नेण्यात आले. १९११ साली मृत्यू पावलेल्या इझाक द कामोंदो याने मानेचा 'बासरीवाला', देगाचे 'अब्सँत' व मोनेची रुआँ येथील कॅथीड्रलची चार चित्रे यांसह आपला संग्रह लूव्रला दिला. त्यानेही अट घातली, की संग्रह ५० वर्षे एकत्र व त्याच्या नावाच्या दालनांत राहावा. ही दालने १९१४ साली उघडली तेव्हा मोने, देगा व रन्वार तिघेही हयात होते. कलावंताच्या मृत्यूनंतर दहा वर्षे थांबण्याचा जो दंडक १८९४ साली अलंघ्य वाटत होता, तो वीस वर्षांत एका धनिकाच्या अटीपुढे नमला. कायबॉतने मागितलेला वीस वर्षांचा अवधी येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्याची स्वतःची देणगी लूव्रमध्ये गेली ती १९२९ साली.

१९४७ साली लूव्रमधील दृक्प्रत्ययवादी चित्रे त्वीलरी उद्यानाच्या कोपऱ्यातील झ द पोम या वास्तूत हलविण्यात आली. तिसऱ्या नेपोलियनच्या काळी दरबारी टेनिससाठी बांधलेल्या या इमारतीला नजीकचा एक काळा इतिहास होता. १९४० ते १९४४ या जर्मन अंमलाच्या काळात ज्यू कुटुंबांकडून लुटलेल्या चित्रांचे कोठार म्हणून तिचा उपयोग झाला होता. रोझ व्हालाँ या तेथील अधिकारी स्त्रीने त्या लुटीच्या नोंदी गुप्तपणे ठेवल्या व युद्धानंतर कित्येक कृती मूळ मालकांना परत मिळाल्या त्या या नोंदींच्या आधारे. जेथे खासगी घरांतून ओढून आणलेली चित्रे रचून ठेवली होती, तेथेच तीन वर्षांनी स्वेच्छेने राष्ट्राला दिलेली चित्रे लोकांसाठी लागली.

झ द पोम लवकरच प्रेक्षकांच्या गर्दीला अपुरे पडू लागले. अखेर १९८६ च्या डिसेंबरमध्ये सेन नदीच्या काठी ऑर्से संग्रहालय उघडले. ही वास्तू मूळची रेल्वे स्थानक. व्हिक्टर लालू या वास्तुकाराच्या आराखड्याप्रमाणे १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी ती बांधली गेली. १९३९ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या तेथून सुटेनाशा झाल्या, पुढे ती पाडण्याचेही घाटत होते. १९७७ साली तिचे संग्रहालय करण्याचा निर्णय झाला. मोनेने वाफेत व धुरात बुडालेले रेल्वे स्थानक रंगविले, तो विषय चित्राला शोभत नाही असे म्हणणारे थोडे नव्हते. आज ते चित्र एका जुन्या रेल्वे स्थानकातच राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन केलेले आहे.

संग्रहालयाच्या भिंतीने या चित्रांचे पाहणेही बदलले, हे नमूद केले पाहिजे. सुटे, तुटक रंगांचे फटकारे जवळून पाहिले तर रंगांचे ठिपके दिसतात, आणि थोडे मागे सरले की त्यांचे पाणी, पाने, धुके होते. १८७४ च्या प्रेक्षकाला ही मागे-पुढे होण्याची सवय नव्हती, आणि एकदा हसून तो बाहेर पडला की पुन्हा येण्याचे कारणही नव्हते. कायमच्या दालनाने ते कारण दिले. तेच चित्र पुढच्या रविवारी, पुढच्या वर्षी, मुलांना घेऊन पुन्हा पाहता येऊ लागले. एखादी कला समाजाच्या अंगवळणी पडते ती एका भेटीने नव्हे, तर अशा पुनःपुन्हा घडणाऱ्या भेटींनी.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, दृक्प्रत्ययवादी चित्रे राष्ट्रीय संग्रहालयांत आली ती केवळ अभिरुची बदलली म्हणून नव्हे. कायबॉत, मोने, कामोंदो यांसारख्या व्यक्तींनी ती दिली, आणि देताना ती दिसलीच पाहिजेत असा आग्रह धरला, म्हणून ती आली. अभिरुचीतील बदल हा पुष्कळ अंशी या दर्शनाचा परिणाम होय, कारण नव्हे. दुसरी, १८९४–९७ मधील अधिकाऱ्यांना खलनायक ठरविणारी रूढ कथा कागदपत्रांच्या कसोटीस उतरत नाही. परंतु त्यांचा बचाव करणारी कथाही अपुरी आहे. त्यांनी नियम पाळले, आणि नियम पाळता पाळता सुमारे एकोणतीस चित्रे गमावली. तिसरी, सार्वजनिक संग्रहालयाने न घेतलेली वस्तू केवळ मालकीपुरती दुरावत नाही, तर सामान्य माणसाच्या दृष्टिपथातूनच जाते. आणि तिची भरपाई पुढे पैशानेही क्वचितच होते.

या शेवटच्या गोष्टीला अलीकडच्या काळाने एक पुष्टी दिली आहे. ज्याच्या स्वतःच्या चित्रांना त्याच्या हयातीत फारसे कोणी महत्त्व दिले नाही, त्या कायबॉतचे पावसातील पॅरिसच्या रस्त्याचे विख्यात चित्र १९६४ साली शिकागोच्या कलासंग्रहालयाने घेतले. फ्रान्सला जाग आली ती त्यानंतर. नाव वल्हविणाऱ्या माणसाचे त्याचे एक चित्र ऑर्से संग्रहालयात यावे म्हणून २०२३ साली एका उद्योगसमूहाच्या देणगीतून ४.३ कोटी युरो मोजावे लागले. एके काळी ज्याने आपला संग्रह शासनाला काही न घेता देऊ केला होता आणि ज्याच्या वारसांना 'भिंत नाही' असे उत्तर मिळाले होते, त्याच्याच एका चित्रासाठी ही किंमत पडली. चालू काळातील कोणती कला आज जागेअभावी दाराबाहेर उभी आहे, हा प्रश्न प्रत्येक देशाच्या संग्रहालयांनी या इतिहासाच्या संदर्भात स्वतःस विचारण्याजोगा आहे.